दोन घड्याळांचे चार

दादा ब्राझीलला जाऊन अकरा वर्षं झाली होती. साओ पावलोत तो कपडे शिवून विकायचा. तिथलं आणि आमचं कोरियातलं घड्याळ बरोबर बारा तास मागेपुढे, म्हणजे काटे दोन्हीकडे सारखेच. आई म्हणायची, "ब्योंगमुक जेवायला बसला असेल बघ," आणि आपण झोपायला उठायची.

त्र्याऐंशीच्या जुलैत, सोमवारी संध्याकाळी बाबा गेले. तीन तासांनी दादाचा फोन आला.

"माल्सुन, तिकीट मिळालं. आज रात्री दहाला विमान. अठरा हजार किलोमीटर. मध्ये लॉस एंजेलिसला थांबून तीस तास. बुधवारी पहाटे चारला उतरतो."

"नक्की ना दादा? तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला अंत्ययात्रा निघणार."

"बोटांवर मोजलंय गं. माझ्याशिवाय उचलू नका."

माझ्या शब्दावर काकांनी मुहूर्त काढणाऱ्याला बोलावलं. शवपेटी खड्ड्यात उतरवायची वेळ सकाळी दहाची ठरली. बुधवारी पहाटे दादाचे सुतकाचे तागाचे कपडे आणि थोरल्या मुलाने टेकायची बांबूची काठी गाठोड्यात बांधून मी सुवॉनहून टॅक्सीने किम्पो विमानतळावर गेले.

पाच वाजले तरी दादा आला नाही. चौकशीच्या खिडकीवरच्या मुलीने विमानांच्या वेळांचा कागद पाहिला.

"ताई, ते विमान दुपारी चारला आहे."

"पहाटे चारला! दादा सोमवारी रात्री दहाला निघालाय, तीस तास."

"ते सोमवारी रात्री दहाला तिथून निघाले ना? तेव्हा इथे मंगळवारची सकाळ होती."

त्याने त्याच्याच घड्याळावर तीस तास मोजले होते, आणि मीही. अकरा वर्षं सारख्या दिसणाऱ्या काट्यांत आम्ही कधी वजाबाकी केलीच नव्हती.

मी घरी फोन लावला, वेळ पुढे ढकला म्हटलं. काका म्हणाले, "वेळ काय बाई, पतंगाचा दोर आहे? सोडला की लांबला?"

"काका, आजचाच दिवस आहे. संध्याकाळी उतरवू. पाया पडते."

"दहाची वेळ तुझ्याच शब्दावर काढली. माणसं खांदा द्यायला उभी आहेत. काठी तरी आण."

"काठी माझ्याकडेच आहे."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

परत गेले असते तर कदाचित गाठलं असतं. पण दादा उतरून एकटाच उभा राहिला असता. मी बाकावर बसून राहिले. सहा वाजले. दहा वाजले. दहाला मी काठी मांडीवर आडवी धरून वाकले. शेजारच्या बाईने सरकून जागा दिली.

साडेचारला दादा बाहेर आला. घड्याळ मनगटावर नव्हतं, मुठीत होतं. कुठेतरी समुद्रावरच त्याला कळलं असावं. त्याने मला पाहिलं, मग काचेतून आत पडलेलं ऊन पाहिलं.

"उतरवलं?"

"दहाला."

त्याने तिथेच, कोटावरूनच, ते तागाचे कपडे चढवले. नाड्या मी बांधल्या. माणसं वळून बघत होती. काठी हातात घेऊन तो म्हणाला, "सुवॉन कुठल्या दिशेला गं?"

मी दाखवलं. दादा त्या भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसला.