डाव्या हाताचं रिकामं बोट

फाल्गुनातलं ऊन बेदाणा शेडच्या हिरव्या जाळीतून गाळून खाली यायचं आणि शालनच्या हातांवर सांडायचं. तिचा अंगठा आणि पहिलं बोट एकेका मण्याचं देठ खुडत असायचं, आणि निवडलेला मणी पाटीत पडताना जो बारीक टप असा आवाज होई, तो मी तासगावात इतकी वर्षं ऐकला, की माझ्या लेखी बायकोचा आवाज म्हणजे तोच. तोंडानं ती कमी बोलायची. देखणी नव्हती, हेही सांगून टाकतो. पण तिचे हात कामात असले की तिथून नजर हलत नसे.

मग साखरेनं तिचे डोळे नेले. सूर्य डोंगराआड गेल्यावरही शिवारात उजेड थोडा वेळ रेंगाळतो, तसा तो वर्षभर रेंगाळला आणि संपला. ती रडली नाही. तक्रार एकच. साखरेची गोळी जेवणाआधी आणि रक्तदाबाची जेवल्यावर, दोन्ही एकाच मापाच्या, दोन्ही डबे एकसारखे. मी उसात, आणि ही पाण्याचा पेला पुढ्यात घेऊन दुपारपर्यंत बसलेली. "डोळं गेलं ते गेलं. पण दोन गोळ्यांसाठी तुमची वाट बघत बसायचं, ह्ये मला न्हाई जमायचं," असं ती एकदाच म्हणाली.

सांगलीच्या विश्रामबागेत ब्रेल शिकवणाऱ्या एक बाई होत्या, स्वतः जन्मापासून दृष्टी नसलेल्या. त्या म्हणाल्या, सहा टिंबांच्या जागा असतात, त्यातली कुठली वर उठली त्यावरून अक्षर ओळखायचं; घरीच शिका, पण साधनं हाताला पटतील तीच घ्या. मी सातवी शिकलेला माणूस. मला डोळ्याला पटलं ते मी उचललं. सहा भोकांची सगळ्यात मोठी फळी आणि तिच्यात बसणाऱ्या जाडजूड खुंट्या. शालननं वरून हात फिरवला.

"आवं, ह्याला काय म्हस बांधायची हाय?"

मग मी घरी पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्यानं टिंबं पाडली. खोबरं किसायला बरा आहे, म्हणाली. मला राग आला. वाचायचं बोटानं होतं आणि निवडत मी डोळ्यानं होतो, हे टाळक्यात शिरायला वेळ लागला.

शेवटी बाईंनी पहिल्या दिवशी दाखवलेली साधी ब्रेलची पाटीच घेतली. खाचांची दुहेरी पट्टी, मधे जाड कागद, आणि लाकडी मुठीची टोचणी. बाईंनी टिंबं उठवून तिच्या पहिल्या बोटाखाली धरली. काही लागेना. दुसरं बोट, अंगठा, तेच. देठ खुडून खुडून कातडी टाचेसारखी झालेली. परतीच्या एसटीत तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून ठेवले. मला वाईट वाटलं का, तेही आता आठवत नाही.

चार दिवसांनी निदान टोचायचा सराव तरी करील, म्हणून मी खिळ्याला अडकवलेल्या लग्नपत्रिकांतली एक जाड पत्रिका काढून तिला दिली. पत्रिकेवर उठावाचा गणपती असतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तिनं ती डाव्या हातात धरली आणि थांबली.

"ही सोंड हाय."

करंगळीशेजारचं बोट त्यावर टेकलं होतं. त्या बोटाला जन्मात काम पडलं नव्हतं. बांधाकडेची नांगर न लागलेली माती मऊ राहते, तसं ते राहिलं होतं. सोंडेवरून पोटाकडं, पोटावरून पायाकडं ती सावकाश गेली, आणि किती दिवसांनी हसली. "छापणाऱ्यानं उंदीर इसरलाय."

पुढं तेच बोट शिकलं. वाचताना ती मान कलती करायची, लांबून कुणी हाक मारतंय अशी, आणि ओठ हलायचे. पत्रिका कापून तिनं स्वतः दोन चिठ्ठ्या टोचल्या, गोळ्यांच्या डब्यांना दोऱ्यानं बांधल्या. एका दुपारी मी उसातून धावतपळत आलो, तर पेला धुऊन पालथा घातलेला. "मी कवाच जेवले, गोळ्याबी घेतल्या. तुमी बसा." मी उंबऱ्यात तसाच उभा राहिलो. हाताला काम नव्हतं.

त्याच वर्षी श्रावणात तिची मूत्रपिंडं थकली. सांगलीच्या दवाखान्यात मी औषध आणायला खाली उतरलो. वर आलो तेव्हा नर्स तिच्या तोंडावर ओढलेली चादर नीट करत होती.

तिला माझ्यासाठी थांबायला लागू नये, एवढ्यासाठी ती सगळी खटपट होती, आणि ती थांबली नाही. आता सकाळ होते, दुपार होते, ऋतूही आपल्या वेळेवर येऊन जातात. फक्त त्यातला एकही तास घाईनं घरी नेऊन कुणाला द्यायचा नसतो.