मल्लेशचं उत्तर

जगित्यालच्या त्या गल्लीत भर दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. पोचम्माची ओसरी भरली होती, खिडकीच्या गजांना पोरं लटकली होती. आत टेबलावर कॉम्प्युटरचा काळा डबा होता. त्याला हळदकुंकू लावलं होतं, झेंडूची माळ घातली होती आणि वरून जाड लाल शाल गुंडाळली होती. शेजारच्या पडद्यावर पोचम्माचा मुलगा मल्लेश स्वतःच्या लग्नात नाचत होता. संक्रांतीनंतर तो ट्रकखाली गेला होता.

तो डबा मल्लेशनेच सुटे भाग आणून जोडला होता. त्यावर तो आणि बायको इंद्रजा लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ बनवत. तो गेल्यावर डबा आतल्या खोलीतून ओढत पुढे आणला, आणि तेव्हापासून चालू राहीना. पत्र टाइप केलं तर चाले. लग्नाचा व्हिडिओ लावला की थोड्या वेळात फट्कन बंद.

"यंत्र म्हणजे देह, वीज म्हणजे प्राण," भैरवानंद स्वामी सांगत होते. "विज्ञानवाल्यांना हे आत्ता कळतंय, माझ्या आज्याला तेव्हाच कळलं होतं." आज्याच्या काळी गावात वीज आली नव्हती, पण तसं कुणी बोललं नाही.

स्वामींनी धुपाटणं डब्याजवळ सरकवलं. "मल्लेशा, तहान लागलीय?"

मल्लेश नाचत राहिला.

"आईवर राग आहे? शेजाऱ्यांनी करणी केली?" तो नाचतच होता. स्वामींनी आणखी बरंच काही विचारलं. मग आवाज खाली आणला. "बायकोने खाल्लं तुला?"

पडदा काळा झाला.

इंद्रजाने सासूकडे वळून पाहिलं. सासूने तिच्याकडे पाहिलं नाही, फक्त नातीला, चिन्नीला, पदराखाली ओढलं. स्वामींनी निकाल दिला. अमावस्येला इंद्रजाच्या तळहातावर कापूर जाळायचा. हात भाजला तर दोष तिचा. तिने माहेरी जायचं, पोर इथे राहील.

"आणि नाही भाजला तर?" इंद्रजाने विचारलं.

"कापूर आहे तो, बाई," स्वामी म्हणाले. "भाजणारच."

दुसऱ्या दिवशी सासू चिन्नीला घेऊन देवळात गेली, तेव्हा इंद्रजा डब्यासमोर एकटी बसली. तिला मल्लेशचीच भीती वाटत होती. खरंच तो आत असला तर? त्याला पाहायचं धाडस होईना, म्हणून तिने एका गिऱ्हाइकाच्या बारशाचा व्हिडिओ लावला. बाळाचा पाळणा हलू लागला, आणि थोड्या वेळाने डबा बंद पडला.

ती किंचाळणारच होती. पण मनात आलं, धर्मपुरीच्या या बाळाशी मल्लेशचं काय वैर?

तिने शाल काढली. आत धुपाची राख शिरली होती. डबा चालू होताना एक बटण दाबलं की तो आपली अवस्था पडद्यावर दाखवतो, हे मल्लेशनेच शिकवलं होतं. प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा काही काम चालू नसतानाही चढत होता. तिने प्लग काढला, स्क्रू सोडवले आणि डोळे मिटून आत हात घातला. प्रोसेसरवरचा पंखा हलला. त्याला खाली घट्ट धरून ठेवणाऱ्या पायांपैकी एक पाय उपटून आला होता. डबा ओढताना बसलेला धक्का तिला आठवला. तिने पाय दाबला. टक् असा आवाज आला. मग तिने बारसं परत लावलं, आणि ते शेवटपर्यंत चाललं.

अमावस्येला गर्दी दुप्पट झाली. इंद्रजाने तो पाय सकाळीच परत सोडवून ठेवला होता आणि शाल पुन्हा गुंडाळली होती. तापमानाचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात आणून ठेवला होता.

"हात देते मी," ती म्हणाली. "आधी मलाही त्यांना विचारू द्या." तिने लग्नाचा व्हिडिओ लावला. "लच्छव्वा, तुमचं नाव घेऊ?"

"नको गं पोरी," शेजारची लच्छव्वा मागे सरकली.

"का? तुम्ही काही केलंय?"

"काही नाही केलं. पण नेमकं तेव्हाच बंद पडलं तर?"

ओसरीतला एकेक जण दाराकडे सरकू लागला. इंद्रजा आकड्याकडे बघत थांबली. तो खूप चढला तेव्हा म्हणाली, "बरं, मग स्वामींचंच घेते. स्वामींनी खाल्लं का तुम्हाला?"

स्वामी झेपावले आणि त्यांनी डब्यावरची शाल ओढून काढली.

"त्याला उकडतंय, हे तुम्हाला ठाऊक होतं तर," इंद्रजा म्हणाली.

पडदा काळा झालाच.

तिने झाकण उघडून सगळ्यांना सुटलेला पाय दाखवला. व्हिडिओ चालला की प्रोसेसरला काम पडतं, तो तापतो. पंखा नीट टेकलेला नसला की उष्णता निघत नाही. जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होतं. शालीने आणि धुपाने ते आणखी लवकर बंद व्हायचं. "यंत्र बंद पडेपर्यंत स्वामी विचारत राहायचे," ती म्हणाली. "ज्या प्रश्नावर बंद पडलं, ते उत्तर."

तिने पाय बसवला. मल्लेश पूर्ण गाणंभर नाचला, दमला, हसत खाली बसला. तेवढ्यात स्वामी कधी निघून गेले ते कुणी पाहिलं नाही. पोचम्माने पदर डोळ्यांना लावला.

"माझ्याशी तो बोलेल असं वाटलं होतं गं," ती म्हणाली. मग तिने चिन्नीचा हात सोडला. "जा, आईकडे जा."

यंत्र बंद पडलं तर ते उघडून बघावं. माणूस गेला तर रडावं. या दोन गोष्टींची गाठ मारून देणारा कुणी दारात आला, तर कितीही भीती वाटली तरी त्याला एवढं विचारावं: तुला हे कसं कळलं, ते आम्हाला दाखव.