रानहंसांवरून गेलेलं चाक

माझ्या अंगावर एक पट्टा आहे. राखाडी, तिरका, एका कोपऱ्यातून शिरून दुसऱ्या कोपऱ्यातून निघून जाणारा. पाहुण्यांची नजर त्यावर पडते आणि ते लगेच हवापाण्याबद्दल बोलू लागतात. लग्नातल्या गोधडीवर डाग दिसला की माणसं फार सभ्य होतात.

तो डाग नाही, चाक आहे. हे सांगणारं घरात आता कुणी उरलेलं नाही, म्हणून मीच सांगते.

मी गोधडी. वाळवंटातल्या गिला नदीच्या काठी, टरबुजांच्या आणि लसूणघासाच्या शेतातल्या घरात, हल्दाबाई ट्रोब्रिज यांच्या बैठकीच्या खोलीत मी जन्मले. त्यांच्या मुलाचं, अ‍ॅन्सेलचं, लग्न लुएलाशी ठरलं तेव्हा आसपासच्या बायका रिवाजाप्रमाणे जमल्या. चौकटीवर मला ताणलं आणि चारी बाजूंनी सुया चालू झाल्या. माझ्यावर रानहंसांची नक्षी आहे. हंस म्हणजे काय, तर कापडाचे त्रिकोण, ओळीनं एकाच दिशेला उडणारे. कुठला त्रिकोण अ‍ॅन्सेलच्या झबल्याचा, कुठला त्याच्या वारलेल्या वडलांच्या रविवारी चर्चला घालायच्या शर्टाचा, कुठला लुएलाच्या शाळेतल्या निळ्या एप्रनचा. त्यामुळे मला एकटं असं कधी वाटलंच नाही. अंधार झाला की झबलं रांगतं, शर्ट प्रार्थना पुटपुटतो, एप्रन खिडकीबाहेर बघत बसतं. मी सगळ्यांना पोटाशी घेऊन पडून राहते.

"लुएला, टाका बारीक घे ग," मिनर्व्हाकाकू म्हणाल्या. "एवढ्या टाक्यात नवऱ्याच्या पायाची बोटं अडकतील."

"अडकू देत की. तेवढाच घरी राहील. नाहीतर तो मोटारीखालीच झोपायचा," दुसरी म्हणाली.

बायका हसल्या. लुएलाही हसली, पण मान खाली घालून. बोलणं तिला कमीच. बघणं मात्र चालूच असायचं. कोण कुणाकडे पाहून बोलतं, कुणाचा चहा तसाच निवला, सगळं ती टिपायची. या टिपण्याच्या नादात तिनं हंसांची एक अख्खी ओळ उलटी शिवली. सगळे पूर्वेला निघालेले, ती ओळ पश्चिमेला.

हल्दाबाईंनी चष्मा नाकावर चढवला. लुएलाचे कान लाल झाले.

"उसवू का, आई?"

"राहू दे. बिनचूक काम देवाचं. आपण त्याच्याशी बरोबरी करू नये." मग थोड्या वेळानं, "शिवाय कापूस भरून झालाय."

आमच्याकडे अशी समजूत आहे की नव्या गोधडीखाली पडलेलं पहिलं स्वप्न खरं होतं. फक्त काही खाण्याआधी ते सांगायचं नाही, सांगितलं की मोडतं. म्हणून चौकटीवरून मला उतरवताना प्रत्येक बाई लुएलाच्या कानात काहीबाही सुचवत होती. जुळी मुलं, दुमजली घर, एकीनं तर दुभती गाय सुचवली.

लग्न झालं, पण माझी किनार शिवायची राहिली होती. ती पुरी झाली ती अ‍ॅन्सेल शर्यतीला निघायच्या आदल्या दिवशी.

शर्यत लॉस एंजलिसपासून फिनिक्सपर्यंत, मधलं सगळं वाळवंट ओलांडून. मोटारी झाल्या होत्या, रस्ते अजून व्हायचे होते. अ‍ॅन्सेलनं आपली मोटार मोडक्यातोडक्या भागांतून स्वतः जुळवलेली. फिनिक्समधले एक गॅरेजवाले, पर्डी नावाचे, त्याला म्हणाले होते, "तुझी ही खटारी स्वतःच्या चाकांवर जत्रेच्या मैदानात आली, तर माझं वर्कशॉप तू चालव. वरच्या खोलीत राहा. नाही आली, तर टरबुजं बरी." आणि हल्दाबाईंनी लेकाकडून वचन घेतलं होतं की मोटार तिथवर पोचली नाही तर ती विकायची, घासाच्या शेतात उतरायचं, कायमचं या घरात राहायचं.

त्या घरात नवराबायकोच्या खोलीची भिंत एवढी पातळ होती की सासूबाईंनी कूस बदललेली ऐकू यायची. वरची खोली लुएलाला किती हवी होती ते मला ठाऊक होतं. गोधडीला अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

अ‍ॅन्सेलच्या शेजारी बसून इंजिनाला तेल पुरवणारा हातपंप मारायला त्याचा चुलतभाऊ व्हर्जिल जायचा होता. निघायच्या दिवशी मोटार चालू करायच्या हँडलनं उलटा हिसका दिला आणि व्हर्जिलचं मनगट मोडलं.

"आता कोण?" अ‍ॅन्सेल हताश होऊन म्हणाला.

"मी," लुएला म्हणाली. त्या दिवसातला तिचा हा पहिला शब्द असावा. लग्नाआधी अ‍ॅन्सेल मोटारीखाली पडून दुरुस्ती करायचा तेव्हा स्टिअरिंग धरून वर तीच बसायची. दोघांचं प्रेम जमलं ते असंच, एक वर, एक खाली.

हल्दाबाईंनी मला तिच्या मांडीवर ठेवलं. "ही घेऊन झोप. आणि स्वप्न नीट बघ. तो पोचला असं बघ."

"आणि दुसरंच काही पडलं तर?"

"तर खाल्ल्याशिवाय तोंड उघडू नकोस. तुला जड जायचं नाही ते."

शर्यतीचा पहिला दिवस मी सीटमागे दोरीनं बांधलेली होते. मोटारीत असताना जग धावत नाही, वितळतं. डोंगर कडेकडेनं विरघळत होते. दूरवर पाण्याचं तळं दिसायचं आणि जवळ गेलो की ते उठून आणखी पुढे जाऊन बसायचं. गावागावांत लोक उकडलेली अंडी, घरचे केक, लिंबू-सरबत घेऊन उभे. रात्रीच्या मुक्कामी अ‍ॅन्सेल बुटांसकट घोरला आणि लुएला डोळे टक्क उघडे ठेवून छताकडे बघत राहिली. माझ्याखाली स्वप्न काही पडलं नाही.

ते पडलं दुसऱ्या दिवशी, भर उन्हात. कोलोरॅडो नदी तराफ्यावरून ओलांडायची होती आणि पुढे मोटारींची रांग. उजेड डोळ्यांत टोचत होता म्हणून लुएलानं मला डोक्यावरून ओढून घेतलं, आणि तिचा डोळा लागला. झोपलेल्या माणसाचं स्वप्न गोधडीला उबेसारखं लागतं. मलाही दिसलं. मोटार तळ्यातून चालली होती, पाणी उडत नव्हतं, आवाज नव्हता. स्टिअरिंगवर लुएला होती. शेजारी अ‍ॅन्सेल बसला होता आणि त्याचे डोळे मिटलेले होते. ती हाका मारत होती, तो डोळे उघडत नव्हता.

ती दचकून जागी झाली. अ‍ॅन्सेल मोटारीतलं सामान काठावर फेकत होता. वजन कमी करायचं हे सगळ्या शर्यतवाल्यांचं वेड. काल टपाचं कापड गेलं, आज सीटची गादी. आणि आता त्याच्या हातात जाड ताडपत्रीच्या पट्ट्या होत्या, वाळूत रुतलं तर चाकांखाली घालायच्या.

"त्या राहू देत," लुएला म्हणाली.

"अग, नदीपलीकडे सगळी टणक जमीन आहे. तो तराफेवाला म्हणाला." पट्ट्या गेल्या. मग त्याचा हात माझ्यावर आला. आईचा चेहरा आठवला असावा. मला त्यानं पुन्हा जागेवर बांधलं, आधीपेक्षा घट्ट.

"काय पाहिलंस झोपेत?" त्यानं विचारलं.

"अजून खाल्लं नाही मी."

"हे घे की अंडं."

तिनं अंडं कोटाच्या खिशात टाकलं. दिवसभर तिच्या पोटात कावळे कोकलत होते, तरी तिनं त्याला हात लावला नाही. खाल्लं तर तो पुन्हा विचारणार आणि तिला सांगावं लागणार.

टणक जमीन होतीही, बरीच. मग कोरड्या नदीचं पात्र आलं आणि मोटार कणकेत बोट रुतावं तशी रुतली. काठावर झाडाच्या सावलीत ओबेड नावाचा म्हातारा आपल्या दोन खेचरांसह बसला होता. शर्यतीच्या दिवशी तो मुद्दाम तिथंच बसायचा. जनावरानं मोटार ओढली की ती शर्यतीतून बाद.

"या, या," ओबेड म्हणाला. "माझ्या लेकी वाट बघून कंटाळल्या. जोडू का?"

"नको, काका," अ‍ॅन्सेल म्हणाला.

"सगळे आधी नकोच म्हणतात. ऊन उतरलं की काका आठवतात. आमच्या लेकींना पेट्रोल लागत नाही आणि हँडल फिरवावं लागत नाही. मागे उभं मात्र राहायचं नाही."

अ‍ॅन्सेलनं हातांनी वाळू उपसली. लुएलानं मोटार चालू करून हळूच पुढे दाबली. तो मागच्या चाकाशी वाकलेला, गॉगल कपाळावर सरकवलेला. चाक जागच्या जागी गरगरलं आणि वाळूचा, खड्यांचा फवारा त्याच्या तोंडावर बसला.

त्यानं डोळे धरले. लुएला धावली, पाण्यानं धुतले, रुमाल बांधला. डोळे जागेवर होते, पण सुजून पार मिटले होते. तिनं त्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तिचे हात थांबले.

"संपलं, लुएला," तो हळूच म्हणाला. "काकांना सांग खेचरं जोडायला. आईकडे जाऊ."

ओबेड उठला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "बाई, खरंच जोडतो. त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं."

"डॉक्टर फिनिक्सलाच आहे ना?" लुएला म्हणाली आणि माझी दोरी सोडली.

मागच्या चाकाखाली तिनं मला कोंबलं, उरलेली पुढे पसरली. माझे हंस फिनिक्सच्या दिशेनं आले, तिची ती उलटी ओळ तेवढी मागं, आलो तिकडे तोंड करून. अ‍ॅन्सेलनं चाचपडत मला हात लावला. बोटं टाक्यांवरून फिरली.

"लुएला, ही आईची..."

"हो."

"आईला काय सांगशील?"

"जेवण झाल्यावर बघू. तू बस आणि पंप मार."

"छान," ओबेड पुटपुटला. "आंधळ्यानं पंप मारायचा आणि मुकीनं मोटार हाकायची."

मग चाक माझ्यावर आलं. दुखलं का, असं मला कुणी कधी विचारलं नाही. ते ओझं नव्हतं, लांबलचक श्वासासारखं काहीतरी होतं. झबलं, शर्ट, एप्रन, सगळ्यांनी एकमेकांना घट्ट धरलं. त्या मिनर्व्हाकाकूंनी बारीक घे म्हणून बजावलेल्या टाक्यांनी वाळू पकडली, चाकानं मला पकडलं, आणि मोटार वर आली. क्षणभर मला वाटलं, हंस खरोखरच उडाले.

लुएलाला थांबणं शक्य नव्हतं, थांबली असती तर पुन्हा रुतली असती. मी मागे वाळूत पडले. ओबेडनं मला उचललं आणि फेंगड्या पायांनी मोटारीमागे पळत सुटला.

"काका, नियम मोडेल," अ‍ॅन्सेल ओरडला.

"मोटार ओढत नाहीये मी, पांघरूण देतोय. माझ्या लेकींनी दिलं असतं तर गोष्ट वेगळी." आणि त्यानं मला आत भिरकावलं.

पुढचा रस्ता मी अ‍ॅन्सेलच्या मांडीवर होते. दूरची तळी पुन्हा दिसू लागली. लुएला थेट त्यांच्यात मोटार घालत होती आणि ती वाट देत होती. शेजारी अ‍ॅन्सेल मिटल्या डोळ्यांनी पंप मारत बसलेला.

"अ‍ॅन्सेल," ती मधूनच म्हणायची.

"अं."

"काही नाही." पुन्हा थोड्या वेळानं, "अ‍ॅन्सेल."

"अग आहे मी. डावीकडून आवाज येतोय, जरा हळू घे."

मैदानात आम्ही पोचलो ते सगळ्यांत शेवटी. बँडवाले वाद्यं पेट्यांत भरत होते. एका ढोलवाल्यानं आमच्यासाठी म्हणून दोन ठोके दिले आणि ढोल पुन्हा झाकला. पर्डी मोटारीभोवती फिरले, चारही चाकं बघितली, मग स्टिअरिंगवरच्या धुळीनं माखलेल्या बाईला विचारलं, "कुणी ओढून आणलं?"

लुएलानं मान हलवली. मग खिशातून चेंगरलेलं अंडं काढलं, सोललं, तिथंच बसून सगळं खाल्लं, आणि नवऱ्याला स्वप्न सांगितलं.

चार दिवसांनी हल्दाबाई लोणच्याच्या बरण्या घेऊन आगगाडीनं आल्या. अ‍ॅन्सेलची पट्टी सुटली होती, त्याला बरण्या दिसत होत्या. वरच्या खोलीत एकच पलंग, त्यावर मी. लुएलानं मला धुतलं नव्हतं, लपवलंही नव्हतं. ती दाराशी उभी होती आणि मला तिचे कान लाल झालेले दिसत होते.

हल्दाबाईंनी चष्मा चढवला. पट्ट्यावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्यातला शर्ट त्यांच्या नवऱ्याचा होता. चाक त्याच्यावरूनही गेलं होतं.

"स्वप्न पडलं होतं का?"

"हो, आई."

"पोचलेला बघितलास?"

"जाताना बघितला. पण मोटार मी चालवत होते."

हल्दाबाईंनी खुर्ची खिडकीशी ओढली आणि पिशवीतून सुई आणि राखाडी दोरा काढला. लुएलाला वाटलं, ठिगळ लावणार. पण त्या चाकाच्या खुणेच्या कडेनं टाके घालू लागल्या, दोन्ही बाजूंनी, टायरच्या प्रत्येक नक्षीला वळसा घेत.

"आई, हे काय?"

"धुतलीस की खूण जाईल. टाके राहतील." दोरा दातानं तोडत त्या म्हणाल्या, "आणि ही भिंत बरी जाड आहे. मी आले तरी तुम्हाला त्रास नाही."

त्यानंतर मी कितीतरी हिवाळे पांघरले गेले. थंडीच्या पहाटे मोटारीच्या बॉनेटवरही पडून राहिले. आता लुएला नाही, अ‍ॅन्सेल नाही, वर्कशॉपच्या जागी दुसरंच काही उभं आहे. मी पेटीत होते. परवा घरात नवी सून आली आणि मला बाहेर काढलं. तिनं पट्ट्यावरून बोट फिरवलं, नेमकं टाक्यांच्या कडेनं, पण कुणाला काही विचारलं नाही. तीही कमीच बोलते.

पोरी, मला उन्हात टाक, धू, हवं तर पायाशी घे. फक्त ते टाके उसवू नकोस. मी जुनी झाले, माझ्याखालची स्वप्नं आता खरी होतीलच असं नाही. पण पडलंच एखादं, तर सकाळी आधी दोन घास खा. मग सांग. चाकावर तू दिसलीस, तर तेही सांग.