साधी जखम

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वासंतीबाईंनी दूध तापत ठेवले, शेजारच्या शेगडीवर पोह्यांची कढई चढवली आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडली. खाली वसाहतीच्या फाटकाशी मासेवाल्याची सायकल येऊन थांबली होती. बेहाल्यातल्या बँकेच्या या वसाहतीत त्यांना दोन वर्षे झाली होती. केदारची बदली कोलकात्याला झाली, तेव्हा साताऱ्याच्या घराला कुलूप लावून त्याही मुलासुनेबरोबर इथे आल्या. बंगाली त्यांना कळत नव्हती, हिंदीही अडखळतच यायची. म्हणून नऊ वर्षांच्या ऋताने आजीला इंग्रजी शिकवायचे मनावर घेतले होते. रोज एक शब्द, पोहे होईपर्यंत.

"आजी, आधी कालचा वर्ड बोल."

"कालचा नेचर. नेचर म्हणजे निसर्ग, आणि नेचर म्हणजे स्वभावसुद्धा."

"करेक्ट! आज ॲडजेक्टिव्ह. सिंपल. एस, आय, एम, पी, एल, ई."

"अगं, हा मला येतो! सिंपल म्हणजे साधी. तुझ्या बाबासाठी स्थळं बघत होतो ना, तेव्हा पेपरात आम्ही छापलंच होतं, मुलगी सिंपल हवी म्हणून."

त्यांची सून अमृता ओट्याशी ऋताचा डबा भरत होती. लग्नाआधी ती साताऱ्याच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असे. स्थळ पक्के झाले त्याच महिन्यात तिने राजीनामा दिला होता.

केदार बाहेरच्या खोलीत बूट घालत होता. ऋता वही घेऊन त्याच्याकडे धावली.

"बाबा, सिंपलचा सेंटेन्स सांग ना. मिस माझं होमवर्क बघणार आहे."

"लिही. माय मदर इज सिंपल."

"तसं नको लिहूस, ऋता," अमृता आतून म्हणाली. "माणसाबद्दल नुसतं सिंपल म्हटलं तर कधीकधी मंद, डोक्यानं कमी, असा अर्थ होतो. शी लिव्ज अ सिंपल लाइफ, असं लिही."

"म्हणजे बाबांचं राँग!" ऋता खळखळून हसली. तिने वाक्य खोडले, नवे लिहिले आणि बसचा हॉर्न ऐकताच दप्तर पाठीला अडकवून, डबा न घेताच जिन्यावरून खाली पळाली.

केदारने दार लावले. वरची कडीही घातली.

कडीचा तो आवाज वासंतीबाईंच्या ओळखीचा होता. त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी ओढून घेतली आणि मिक्सर सुरू केला. त्यात वाटण्यासारखे काहीच नव्हते.

"मंद कोण गं?" केदार दारात उभा राहून विचारत होता. "मी? का माझी आई?"

"केदार, मी फक्त तिच्या अभ्यासाचं..."

पहिल्या थपडेने तिच्या हातातला डबा उडाला. दुसरी कानाखाली बसली. "एम.ए.बाई! पोरीसमोर माझी अक्कल काढता? घरात मास्तरीण आणली आहे का मी?" त्याने तिचे केस मुठीत धरले आणि डोके ओट्याच्या दगडी कडेवर आपटले. क्षणभर थांबून, जणू पहिले नीट बसले नाही म्हणून, पुन्हा आपटले. ती खाली कोसळली, तशी बुटाची लाथ बरगडीत बसली, मग पाठीत, मग पुन्हा बरगडीत. तिने ओरडू नये म्हणून स्वतःचाच पदर तोंडात कोंबला होता. कढईतले पोहे जळत होते. मिक्सर रिकामाच फिरत होता.

"अरे पुरे, लोक ऐकतील," वासंतीबाई म्हणाल्या. "मरेल ती," असे मात्र त्यांच्या तोंडून निघाले नाही.

पँटच्या पायावर रक्त लागलेले दिसले, तेव्हा केदार थांबला.

कोपऱ्यावरच्या नर्सिंग होमने जखम पाहताच हात वर केले. ही पोलिसांची भानगड दिसते, सरकारी इस्पितळात न्या, म्हणाले. तिथे तातडीच्या विभागात एका तरुण बंगाली डॉक्टरीणबाईंनी भुवईच्या वर सात टाके घातले, बरगड्यांचा एक्स-रे काढून पाहिला. कसे लागले, असे त्यांनी हिंदीत विचारले. अमृताने तोंड भिंतीकडे वळवले. वासंतीबाईंनी मागच्या दोन खेपांसारखेच उत्तर दिले : बाथरूममध्ये पाय घसरला. बाहेर केदार फोनवर कुणाला सांगत होता, "काही विशेष नाही, बाराच्या आत एस्प्लनेडच्या शाखेत पोहोचतो."

डॉक्टरीणबाईंनी कागद भरून टेबलावर ठेवला. वासंतीबाई अक्षरे लावू लागल्या. बाकीची ओळ लागेना. पण दोन शब्द लागले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अमृता, बघ! यांनीसुद्धा लिहिलंय. नेचर, सिंपल. स्वभाव साधा."

अमृता हसली. टाके ताणले गेले तरी हसत राहिली, आणि हसता हसता तिचा श्वास अडकला.

"आई, तो माझा स्वभाव नाही. जखमेचं स्वरूप आहे ते. जखम साधी, असं लिहिलंय."

"ही? साधी?"

डॉक्टरीणबाईंना शब्द नाही, पण सूर कळला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मासिमा, कायद्याची भाषा आहे ही. हाड मोडलं, दात पडला, डोळा गेला, तर गंभीर. हिच्या बाबतीत तसं काही झालेलं नाही, म्हणून साधी."

वासंतीबाईंनी आपल्या भुवईवर बोट ठेवले आणि ते खाली डोळ्यापर्यंत आणले. दोन बोटांचेही अंतर नव्हते.

"इथे लागलं असतं तर?"

"तर दुसरा शब्द लिहिला असता."

"आणि ही वरची ओळ कसली?"

"जखमेचं कारण. बाथरूममध्ये पडून. माहिती देणार, सासू."

वासंतीबाईंनी तो कागद डॉक्टरीणबाईंपुढे सरकवला. मग मोडक्यातोडक्या हिंदीत, पण एकही शब्द न गाळता त्यांनी सांगितले : ही ओळ खोटी आहे. माझ्या मुलाने मारले. मी तिथेच होते. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी खिडकी लावली, मिक्सर चालू केला. मागच्या दोन्ही वेळांनाही मी खोटेच बोलले.

"आई, नका," अमृताने त्यांचा हात धरला. "तो तुम्हाला घरात ठेवणार नाही."

"न ठेवू दे. माझं घर साताऱ्याला आहे, त्याला फक्त कुलूप आहे. तिघींना पुरेल."

डॉक्टरीणबाईंनी आधीची ओळ खोडली नाही, तिच्याखाली दुसरी लिहिली, वेळ घातली, आणि इस्पितळाच्या आवारातली पोलीस चौकी कुठे आहे ते सांगितले.

दारातच केदार भेटला. "झालं? काय म्हणाली?"

"सिंपल म्हणाली."

"मग! उगाच गाजावाजा." त्याने घड्याळ पाहिले. "आई, टॅक्सी करून जाल ना दोघी?"

"जाऊ. तू नीघ."

तो गेटबाहेर पडेपर्यंत वासंतीबाई उभ्या राहिल्या. मग अमृताच्या कमरेभोवती हात घालून, तिची दुखरी बाजू सांभाळत, त्या चौकीच्या चार पायऱ्या चढल्या. तिथल्या अधिकाऱ्याने आधी अमृताचा जबाब घेतला. बरगडीत कळ आली की ती थांबे, आणि पुन्हा सांगू लागे. मग त्याने वासंतीबाईंकडे नवा कागद ओढला.

"ज्याने मारले, त्याचे आपल्याशी नाते?"

"मुलगा. एकुलता एक."

अधिकाऱ्याने मान वर करून पाहिले. "मागाहून जबाब फिरवणार नाही ना?"

"लिहा तुम्ही," वासंतीबाई म्हणाल्या.

लिहून झालेले त्यांनी अमृताकडून वाचून घेतले, एका ठिकाणी तारीख दुरुस्त करायला लावली आणि सही केली. शाळा सुटायला अजून अवकाश होता. तरीही दोघी चौकीतून निघाल्या, त्या वसाहतीकडे न वळता ऋताच्या शाळेकडे.