आदल्या दिवशीचं भानोलं

भानोलं रात्रभर ठेवायचं असेल, तर कोबीला मीठ लावून ठेवू नये. ही अक्कल मला कोणी दिली नाही, दोन ट्रे वाया घालवल्यावर आपोआप आली. मीठ लागलं की कोबी पाणी सोडतो आणि सकाळी ट्रे उघडावा तर आत पिवळी खळ. म्हणून मी आदल्या संध्याकाळी ते अर्धं भाजून घेते, गार झालं की झाकून फ्रीजमध्ये ठेवते आणि सकाळी पुन्हा ओव्हनमध्ये घालते, कडा करपायच्या बेतात येईपर्यंत. खाणाऱ्याला वाटतं, बाई पहाटेपासून राबतेय. खरं तर बाई तेव्हा आंघोळ करून केस विंचरत असते. निदान बेत तसा होता.

आम्ही ठाण्याचे सीकेपी. बारीक चिरलेला कोबी, बेसन, ओलं खोबरं, आलं-लसूण-मिरचीचं वाटण आणि हात आखडता न घेता घातलेली कोलंबी, याला आम्ही भानोलं म्हणतो. माझी आई ते खाली-वर निखारे ठेवून करायची. मी कोलकात्यात, बालीगंजच्या फ्लॅटमध्ये, विजेच्या ओव्हनमध्ये करते. हा ओव्हन दिवाळीला माझ्या मुलाने, विहंगने पाठवला. तो टोरोंटोला असतो. फोनवर म्हणाला, "आई, डिसेंबरमध्ये घरात एवढी माणसं येतात आणि तू सकाळभर पोहे परतत उभी असतेस. इकडे ख्रिसमसला सगळं आदल्या दिवशीच ट्रेमध्ये लावून ठेवतात. सकाळी फक्त ओव्हन. आईसुद्धा सगळ्यांबरोबर टेबलावर बसते."

आईसुद्धा बसते. एवढंच मी त्यातलं धरून ठेवलं.

चार वर्षांनी तो येणार होता, एकटाच, थोडक्या दिवसांसाठी. मी त्याला म्हटलं, "मला दुसरं काही नको. एक सकाळ माझ्या शेजारी बसून खा." तो म्हणाला, "नक्की, आई." मग मी नोव्हेंबरभर तालीम केली. पावाचे तुकडे अंड्या-दुधात भिजवून केलेला बेक जमला. नोलेन गूळ, म्हणजे इथला थंडीतला खजुराचा गूळ, बाजारात आल्यावर त्यात रवा-नारळाचा केक केला, तोही जमला. भानोल्याचं सांगितलंच. आमचे हे, म्हणजे चारुदत्त, तालमीतला प्रत्येक ट्रे खाऊन "मीठ किंचित कमी" एवढं बोलत होते. बँकेतून निवृत्त झाले तरी शेरा मारायची सवय जात नाही.

गरियाहाटच्या बाजारातल्या माझ्या मासेवाल्यालाही मी सांगून ठेवलं होतं. इतक्या वर्षांत तो मला बौदी, म्हणजे वहिनी म्हणतो आणि मी त्याला भाव कमी कर म्हणते, याच्यापलीकडे आमचं नातं नाही. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, की मुलगा येतोय, त्याला तुझ्याकडे घेऊन येईन, त्यालाच कोलंबी निवडू दे.

आता बाकीच्यांचं. दर डिसेंबरात आमच्याकडे पुण्याहून माझ्या नणंदबाई निर्मलावन्सं येतात, लेकी-जावयांसकट. नागपूरहून धाकटे दीर सुधाकर येतात, बायकोला आणि मुलांना घेऊन. कोलकात्याला हक्काचं घर आहे, मग हॉटेलात कोण जाईल? माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती ऐकणार कोण? घरभर गाद्या पडतात, बाथरूमपुढे रांग लागते आणि धाकटी जाऊ विनीता रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते. "ताई, काही करू का?" असं विचारते आणि उत्तर यायच्या आत बाल्कनीत जाते.

यंदा ट्रे बघून सगळे खूश झाले. "किती आटोपशीर केलंस ग शकुन!" वन्सं म्हणाल्या. पहिल्या सकाळी मी दोन्ही ट्रे टेबलावर आणले, कमरेला खोचलेला पदर सोडला आणि बसले. माझ्याशिवाय टेबलावर कोणी नव्हतं. काम सोपं झालंय म्हटल्यावर सगळ्यांनी आपापल्या वेळेला उठायचं ठरवलं होतं. मग एकेक तुकडीला गरम करून देणं आलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला कोणाचं काय जातं! विहंग सगळ्यात शेवटी उठायचा. तिकडची झोप अजून उतरली नव्हती. फोन बघत बघत दोन घास खायचा, तोवर भावंडं त्याला कुठे ना कुठे ओढून न्यायची. मी त्याच्यासाठी भानोल्याचे कोपरे राखून ठेवत होते. लहानपणापासून ट्रेचे चारही कोपरे त्याचे. तिथे कड दोन्ही बाजूंनी कुरकुरीत होते. बाकीच्यांना मधला तुकडा, मला जो राहील तो.

एक दिवस गेला, दुसराही गेला. पंचवीस तारखेला सगळ्यांनी गंगेवर जायचं ठरवलं. बाबूघाटावरून लाँच करायची, बेलूरपर्यंत जायचं आणि जेवायला परत यायचं. दुसऱ्या दिवशी पहाटेच विहंग बंगलोरला मित्रांकडे जाणार होता आणि तिथूनच परस्पर टोरोंटोला. म्हणजे माझी एक सकाळ हीच, दुसरी नव्हती.

आदल्या संध्याकाळी हे जेवणाच्या टेबलावर बसून ड्रायव्हरशी फोनवर बोलत होते. फोन ठेवून म्हणाले, "मोठी गाडी मिळाली. सगळे मावून खिडकीजवळची एक सीट मोकळी राहतेय."

मी तेव्हा भानोल्यावर झाकण घालत होते. मनात म्हटलं, चला, माझी सोय झाली. आपल्याच घरातल्या गाडीत बसायला मी कोणाला विचारायचं? मी काय पाहुणी आहे? आणि हे मोकळी म्हणाले ते माझ्याकडे बघूनच म्हणाले, असंही मला वाटलं. माणसाला वाटायला काय लागतं! दुपारच्या जेवणाचंही मी करून ठेवलं. आमटी केली, बटाट्याची भाजी केली, परत आल्यावर भात तेवढा कुकरमध्ये लावायचा. कोणाला बोलायला जागा ठेवली नाही.

सकाळी मी उठून दोन्ही ट्रे ओव्हनमध्ये घातले आणि आंघोळ करून हिरवी ढाकाई नेसले. ही साडी विहंगने पहिल्या पगारात घेतली होती. टेबल मांडलं. माझ्या शेजारच्या खुर्चीपुढे त्याची ताटली ठेवली आणि सुरी हातात घेतली, की आता पहिला कोपरा काढावा. तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर वेळेआधी आला होता. कोलकात्यात असं कधी होत नाही, त्याच दिवशी व्हायचं होतं.

"अरे, गाडी आली!" घरात एकच धावाधाव सुरू झाली. विनीता केस बांधत बाहेर आली, टेबलाकडे बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "ताई, हे सगळं ट्रेमध्येच आहे ना? मग इथे कशाला बसायचं? असेच उचलू, लाँचवर खाऊ!"

"उत्तम," हे म्हणाले. "दहा मिनिटं वाचतील."

मला क्षणभर वाईट वाटलं, मग बरंच वाटलं. टेबलापेक्षा लाँच चांगली. ऊन कोवळं असेल, शेजारी विहंग असेल आणि उठून कोणाला काही वाढायला स्वयंपाकघरच नसेल. मी उत्साहाने ट्रेवर झाकणं घातली, टॉवेलात गुंडाळले. सुधाकरभावजींनी एक उचलला, विहंगने दुसरा. मी गॅस बघितला, खिडक्या लावल्या, कागदी प्लेटी पिशवीत घातल्या, पर्स खांद्याला लावली, बाहेरच्या चपला घातल्या आणि कुलूप लावून खाली उतरले. इतकी वर्षं या गावात राहून मी गंगेत बोटीने गेलेले नाही, हे मला जिन्यात आठवलं आणि हसू आलं.

गाडी भरली होती. हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसून त्याला रस्ता सांगत होते, उंटावरून शेळ्या हाकाव्या तसे. खिडकीजवळची सीट मोकळी नव्हती. तिच्यावर दोन्ही ट्रे एकावर एक ठेवले होते आणि विहंग वाकून त्यांना पट्टा लावत होता. पट्टा टॉवेलावरून घेतला, खटका बसवला आणि हलवून बघितला. तिकडे लहान मुलांना बसवताना असंच करत असतील.

"आता अजिबात सांडणार नाही," तो म्हणाला. मग त्याने मान वर केली. मला बघितलं, साडी बघितली, पर्स बघितली.

"आई, बाजारात निघालीस?"

त्याच्या आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. दुष्टपणा असता तर मी भांडले असते. मी गाडीत बसेन हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्याच्याच काय, गाडीतल्या एकाच्याही आलं नव्हतं.

आता बोलायला हवं होतं. "ते ट्रे मांडीवर घे आणि मला बसू दे," एवढंच तर होतं. पण त्या सगळ्या माणसांसमोर, मुलाकडे मी जागा मागायची, याची मला भयंकर लाज वाटली.

"हो," मी म्हटलं. "बाजारातच."

"मग मोठी कोलंबी आण ना! जायच्या आधी अजून एकदा भानोलं होऊ दे."

आतून वन्सं म्हणाल्या, "शकुन, दुपारी साधंच कर हो. उगाच घाट घालू नकोस. तुलाही नेलं असतं, पण तुझं काय, तू इथलीच. तुला रोजचीच गंगा."

मी कागदी प्लेटींची पिशवी खिडकीतून विनीताच्या हातात दिली. दार सरकलं आणि गाडी गेली.

वर आले, कुलूप काढलं. टेबल मांडलेलं तसंच होतं, सुरी स्वच्छ. फ्रीजमध्ये तिसरा ट्रे होता, उद्यासाठी अर्धा भाजलेला. तो काढला आणि ओव्हनमध्ये घातला. तो होईपर्यंत मी ढाकाई नेसूनच खुर्चीत बसून राहिले. राग आला होता, पण रागावणार कोणावर? मुलगा चांगला आहे. नवरा वाईट नाही. वन्सं माझं कौतुकच करतात. सगळे चांगले असले की बाईला रडायलाही जागा राहत नाही.

फोन वाजला. विहंगने फोटो पाठवला होता. लाँचच्या डेकवर सगळे दाटीवाटीने बसलेले, मागे हावडा ब्रिज, आणि मधोमध रिकामे ट्रे. खाली लिहिलं होतं, "आई, पाच मिनिटांत फस्त! सगळ्यांनी तुझी खूप आठवण काढली."

मी भानोलं बाहेर काढलं. सुरीने चारही कोपरे कापले आणि उभ्या उभ्या, एकामागून एक खाल्ले. जीभ भाजली. तरी थांबले नाही. कोपरे खरंच चांगले लागतात. इतकी वर्षं मला माहीत नव्हतं.

मग साडी बदलली, पिशवी घेतली आणि गरियाहाटला गेले. मोठ्या कोलंबीची टोपली आलेली होती. मासेवाल्याने माझ्या मागे, आजूबाजूला बघितलं.

"बौदी, छेले एशेछे?" मुलगा आला का, असं तो विचारत होता.

"आलाय," मी म्हटलं. "भेट व्हायचीय अजून."

त्याला वाटलं, विमानाला उशीर झाला असेल. त्याने मान हलवली आणि विहंगच्या वाटची म्हणून दोन कोलंब्या वरून घातल्या.