टणटणचं तिसरं वळण

"ए, हात लावू नकोस!"

विज्ञान संग्रहालयाच्या मोठ्या दालनात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. यंत्राचा दांडा फिरवणाऱ्या मुलीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला, तिच्या मागची रांग गप्प झाली आणि अर्ध्यावर चढलेला चेंडू साखळीतच थांबला. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. ओरडणारी बाई त्यांचीच बायको होती.

"अगं, इथे हात लावायचाच असतो," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पाटी लावलीय बघ एवढी मोठी."

"सवय मेली! तोंडातून निघूनच गेलं." मग ती त्या मुलीकडे वळली. "फिरव गं बाळा, फिरव. मी इथली नाहीये."

ती रस्त्यापलीकडची होती. समोरच्या चित्रसंग्रहालयात, जुन्या तैलचित्रांच्या दालनात, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून लोकांना हात लावू न देणं ही तिची नोकरी. आणि लोकांनी दिवसभर हाताळून खिळखिळं केलेलं संध्याकाळी पुन्हा घट्ट करणं ही मिस्त्रींची. संसाराला हे मिश्रण बरंच मानवलं होतं. अडचण एवढीच, की दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद. सुट्टी एकत्र मिळे, पण एकमेकांचं काम बघायचं राहून जाई. मधे फक्त एक रस्ता होता, आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणता म्हणता दोघांचेही केस पांढरे झाले.

ज्या यंत्रापुढे हा गोंधळ झाला ते मिस्त्रींनी स्वतः बांधलेलं होतं. सायकलच्या साखळ्या, शिवणयंत्राचं चाक, भंगारातल्या तारा. दांडा फिरवला की लोखंडी चेंडू साखळीवरून वर चढे, तारांच्या रुळांवरून वळणं घेत खाली येई आणि शेवटी पितळी घंटेवर आपटे. साहेबांनी पाटीवर त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं. मुलं त्याला टणटण म्हणत, आणि मिस्त्रीही.

टणटणला एकच दुखणं होतं. तिसऱ्या वळणावर चेंडू अधूनमधून अडे. मिस्त्री ते घरी जेवताना सांगत. "आज पुन्हा अडला. रूळ बदलून झाला, वाकवून झाला. खालून बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं की निघतो. हळू हं. जोरात मारलं की उडून खालीच."

"हं," बायको म्हणे. "जेवण गार होतंय."

पालथ्या घड्यावर पाणी, असं मनाशी म्हणत मिस्त्री घास घेत.

आता संग्रहालयात काचेचे पडदे यायचे होते. त्यांवर बोट फिरवलं की चित्रातला चेंडू चित्रातल्या रुळांवरून धावणार. टणटण भंगारात जाणार नव्हती, एवढी कृपा. उद्यापासून ती दोरीच्या आत उभी राहणार होती, जुनी वस्तू म्हणून. ती फिरवायचा आजचा शेवटचा दिवस. "एकदा तुझ्या हाताने फिरव, बाकी काही नको मला," असं म्हणून मिस्त्रींनी बायकोला रजा घ्यायला लावली होती. असं मागणं त्यांनी लग्नानंतर फारसं केलेलं नव्हतं.

ती आली खरी, पण आल्यापासून तिचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. रांग संपेना.

"जा ना पुढे. मी थांबवतो मुलांना."

"लहान पोरांच्या मधे कुठे घुसू? होऊ द्या त्यांचं."

थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "वेळ संपत आली, अगं."

"लोक बघतायत हो."

जन्मभर लोकांवर नजर ठेवलेल्या बाईला लोकांची नजर मात्र सोसत नव्हती. मिस्त्रींना राग आला, चांगलाच आला. पण चारचौघांत काय बोलणार? त्यांनी खिशातलं फडकं मुठीत आवळलं.

बंद व्हायची घंटा झाली. मुलं पांगली. वॉचमन खांब आणि जाड लाल दोरी घेऊन आला, त्याने टणटणभोवती दोरी लावली आणि वर पाटी अडकवली. मिस्त्री सवयीने फडकं काढून दोरीवरून वाकले, दांड्यावरचे दिवसभराचे डाग पुसायला.

"काका," वॉचमन अवघडून म्हणाला, "आता हात नाही लावायचा. साहेबांनी सांगितलंय."

मिस्त्रींचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी फडक्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. बायको बघत होती. हे वाक्य तिने किती जणांना ऐकवलं होतं त्याला गणती नव्हती, पण ते ऐकणाऱ्याचा चेहरा इतक्या जवळून ती पहिल्यांदाच बघत होती. तिला फार वाईट वाटलं.

"भाऊ, मागच्या खिडक्या बघितल्या का?" तिने वॉचमनला विचारलं.

"बघतो की काकू, शेवटी."

"आत्ता बघा. आमच्याकडे खिडक्या आधी बघतात."

वॉचमनने तिच्याकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे. "बऱ्याच आहेत खिडक्या," तो म्हणाला. "वेळ लागेल मला." आणि किल्ल्या वाजवत निघून गेला.

"तुम्ही दाराकडे तोंड करून उभे राहा," ती नवऱ्याला म्हणाली. "हात मागे. मान सरळ. कुणी आलं तर खाकरा."

"आणि तू?"

"मागे वळून बघायचं नाही. पहारा म्हणजे पहारा."

मिस्त्री उभे राहिले. पाठीमागे दोरीचा आकडा निघाल्याचा आवाज आला. दांडा करकरला, साखळी हलली, चेंडू वर चढू लागला. बाई अगदी सावकाश फिरवत होती. चेंडू रुळावर उतरला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यावर आवाज थांबला.

मिस्त्रींची मागे बांधलेली बोटं आपोआप वळली. आता ही जोरात मारणार, चेंडू उडणार, आणि झालंच मग सगळं. सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात टकटक झालं. बोटाच्या पेराने, खालून, दोनदा. हळूच.

चेंडू सुटला. घंटा वाजली आणि रिकाम्या दालनात बराच वेळ घुमत राहिली. मागे दोरीचा आकडा पुन्हा अडकला, तरी मिस्त्री दाराकडे तोंड करून, मान सरळ ठेवून तसेच उभे होते.