हातात नसलेला ट्रे

एका उलट्या कोलांटउडीतून चाळिशी ओलांडलेल्या वेटरला मिळण्यासारखं होतं तरी काय? बढती नाही. 'सूप आणा आणि येताना कोलांटी मारत या' असं कोणी गिऱ्हाईक सांगत नाही. कौतुकही नाही, कारण बायकोने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मान मोडून घेतलीत तर शर्टाची बटणं लावून देईन. घास भरवणार नाही." मिळण्यासारखी गोष्ट एकच होती, ती म्हणजे मुलीची उडी.

मुलीला घरात भिंगरी म्हणत. चालायला लागल्यापासून ती सरळ अशी कधी चाललीच नव्हती. जिम्नॅस्टिक्सच्या क्लबात, संघातली तिची जागा या उलट्या उडीच्या जोरावरच पक्की होती. मग एका सरावात ती वर गेली आणि हवेतच तिने विचार बदलला. विचार बदलायला ती जागा वाईट. मानेवर पडली. काही दिवस गळ्यात पट्टा होता. पट्टा निघाला, मान फिरू लागली, पण पाय मॅटवरून सुटेनात. हात वर जायचे, गुडघे वाकायचे आणि पोरगी तिथेच उभी. निवड चाचणी तोंडावर आली होती. उडी नाही तर जागा नाही, आणि त्या जागेवर डोळा ठेवून दुसरी एक मुलगी रोज सगळ्यांच्या आधी येऊन घाम गाळत होती.

बापाला यातलं काही कळत नव्हतं. ज्याला कळत नाही त्याला धीर द्यायला फार सोपं जातं.

"असतं काय गं त्यात?" तो जेवताना म्हणाला. "वर जायचं, फिरायचं, खाली यायचं."

"मग मारून दाखवा तुम्ही."

"मी मारली तर तू मारशील?"

"तुम्ही मारलीत तर मारीन," भिंगरी म्हणाली. बाप काही मारत नाही, याची तिला खात्री होती.

"छान," आई म्हणाली. "एकच मान दुखावली होती, घर कसं रिकामं रिकामं वाटत होतं."

क्लबच्या प्रशिक्षक मास्तरीणबाईंनी वेटरला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. हसण्याच्या बाबतीत त्यांचा हात आखडता होता. "वजन कमी आहे," त्या म्हणाल्या. "बाकी सांगण्यासारखं काही नाही. पण उडी मारणाऱ्याला आधार द्यायला दोन्ही बाजूंना माणूस लागतो. उजवीकडे मी. डावीकडे ही."

भिंगरीचा चेहरा उतरला. मॅटपासून लांब राहायला तिला बरं निमित्त मिळालं होतं, ते बाईंनी दोन शब्दांत काढून घेतलं.

शिकवणी सुरू झाली. आधी उतरत्या गादीवरून मागे लोळणं, मग नुसत्या उभ्या उड्या. "मागे उडी मारायची नाही," बाई सांगत. "वर मारायची. मागे मारणारा मागेच पडतो. दोन्ही हात कानांपर्यंत वर. नजर समोरच्या घड्याळावर. डोकं आधी मागे टाकलंत की उडी गेली. वर पोचलात की गुडघे छातीशी, हातांनी नडग्या धरायच्या. पाय खाली दिसले की सोडायच्या."

वेटरने हे सगळं मेन्यूसारखं पाठ केलं. म्हणून दाखवताना एक शब्द चुकत नसे. उडी मात्र दर वेळी डावीकडे वाकडी व्हायची आणि तो भिंगरीच्या अंगावर यायचा. तिचा दंड निळा पडला. बाईंना वाटलं उजव्या पायात जोर जास्त आहे. त्यांनी पाय बदलून पाहिले, उभं राहणं बदलून पाहिलं. वाकडेपणा जिथल्या तिथे.

एका संध्याकाळी घरात बाप स्वयंपाकघरातून ताटलीत पाण्याचे पेले घेऊन आला. डावा तळहात खांद्याशी आडवा, त्यावर ताटली, चाल अशी की पाणी हलू नये. भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मॅटवर ती म्हणाली, "बाबा, तुमच्या डाव्या हातात ट्रे आहे."

"कुठाय?"

"असतो. उडी मारता तेव्हा. उजवा हात कानापर्यंत जातो. डावा खांद्यापाशीच थांबतो. सांडेल म्हणून."

वेटरने आपल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो कोणा दुसऱ्या हॉटेलचा नोकर होता. इतक्या वर्षांत त्याच्या हातून एक पेला फुटला नव्हता. ही गोष्ट तो पाहुण्यांना दुसऱ्या भेटीत सांगे. पहिल्या भेटीत कोणी विचारलं तरच.

"उद्या ट्रे घेऊन या," मास्तरीणबाई म्हणाल्या. "फेकायचाय."

हॉटेलातला एक पोचे पडलेला स्टीलचा ट्रे आला. दोन्ही हातांनी छताकडे फेकायचा, एवढंच काम. पहिल्यांदा तो जेमतेम कपाळापर्यंत गेला आणि त्याने लगेच झेलला. "गिऱ्हाइकाला द्यायचा नाहीये तो," बाई म्हणाल्या. पुन्हा तेच. पुन्हा झेलला. शेवटी भिंगरी वैतागली. "टाका ना हो बाबा. कोणाचं जेवण नाही त्यात."

त्याने टाकला. ट्रे छताजवळच्या लोखंडी कांबीवर आपटला, खणखणत खाली आला आणि सगळा हॉल वळून बघू लागला. वेटरने जाऊन तो उचलला आणि सवयीने बाहीने पुसला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण डावा हात त्यानंतर वर जाऊ लागला.

चाचणीच्या आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, "आज आधाराला फक्त ही. मी बघते."

भिंगरीने एक हात त्याच्या कमरेमागे ठेवला, दुसरा मांडीखाली न्यायला तयार. तिचे तळहात ओले होते, ते शर्टातून त्याला कळत होतं. जागेवर डोळा ठेवलेली ती दुसरी मुलगी तळहातांना खडूची पूड लावता लावता थांबली.

त्याने घड्याळ पाहिलं. हात मागे गेले, गुडघे वाकले, हात कानाशी. उडी सरळ वर गेली. घड्याळ गेलं, छत आलं, आणि छतानंतर काहीच आलं नाही. जमीन कुठे आहे ते त्याला कळेना. त्याचे पाय उघडू लागले.

भिंगरीला ती जागा ओळखीची होती. तिथूनच ती पडली होती.

"गुडघे, बाबा. गुडघे घ्या." तिने मांडीखालच्या हाताने त्याला रेटलं. गुडघे छातीशी आले. अंग फिरलं. पाय टेकले, मग हात टेकले, मग तो बसला.

"पाय आधी टेकले," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मारली असं धरू."

वेटर उठला नाही. चेहरा पांढरा पडला होता. "तू तिथे होतीस?" त्याने हळूच विचारलं. "पडलीस तेव्हा? त्या वरच्या जागेत?"

"हो."

"मग नको मारूस. सौदा रद्द. मला माहीत नव्हतं गं."

भिंगरीने पोट आत ओढून चड्डीची नाडी घट्ट केली. "तिथे गुडघे घ्यायचे असतात, एवढंच आहे," ती म्हणाली. जणू स्वतःलाच सांगत होती. "उठा. मॅट मोकळी करा."

"मी आधाराला उभा राहतो."

"नको. मग मी तुमच्या हाताच्याच भरवशावर राहीन."

बाईंनी हाताची घडी घातली आणि ती सोडली नाही. भिंगरीने घड्याळावर नजर लावली. हात वर गेले, आणि थांबले. दुसऱ्या मुलीने खडूचा डबा खाली ठेवला. भिंगरीने हात खाली घेतले, पाय पुन्हा जुळवले आणि गेली. वर. मग गुडघे. मग दोन्ही पाय, एकदम, एकाच आवाजात.

चाचणीत जागा तिलाच मिळाली. मास्तरीणबाईंना आपली खेळाडू परत मिळाली, तीही एक जास्तीचा शब्द न खर्चता. दुसऱ्या मुलीला राखीव खेळाडूंचा बाक मिळाला आणि तिने टाळ्या वाजवल्या, हे तिच्या नावावर जमाच धरलं पाहिजे. आईला निळा दंड शेकायचं काम मिळालं.

राहिला बाप. हाच माणूस पूर्वी पहिल्या रांगेत बसून पोरगी हवेत असताना शेंगा सोलायचा. चाचणीच्या दिवशी तो हॉलच्या दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभा होता. पोरीची भीती वाऱ्यावर गेली नव्हती. तशी ती कोणाचीच जात नाही, कोणाला तरी उचलावी लागते. आतून टाळ्या ऐकू आल्या तरी तो वळला नाही.

"मारली," आई बाहेर येऊन म्हणाली. "नीट उतरली. आता ठेवा खाली." आणि खांद्याशी आडवा धरलेला त्याचा डावा तळहात तिने आपल्या हाताने खाली केला.